टच आहे का? – एका साध्या प्रश्नाची गोष्ट



वेबसाइट बनवणाऱ्या कुठल्याही टीमचा जरा जुना कोड उघडा, त्यात एक छोटंसं फंक्शन हमखास सापडतं. नाव साधारण 'इज टच डिव्हाइस' असं काहीतरी. काम एकच: समोरच्या माणसाच्या हातातलं यंत्र टचवालं आहे की नाही ते सांगायचं. उत्तर हो किंवा नाही. आत कोड जेमतेम तीन ओळींचा. पण गंमत अशी की या तीन ओळी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळ्या असतात! कोणी ब्राउझरचं नाव तपासतं, कोणी स्क्रीनची रुंदी मोजतं, कोणी 'ऑनटचस्टार्ट' नावाची गोष्ट आहे का ते बघतं, आणि कोणी सगळंच एकत्र करून देवावर हवाला ठेवतं. वर बहुधा एक कॉमेंट असते – याला हात लावू नका, चालतंय तर चालू द्या. :)

इतक्या साध्या प्रश्नाला इतकी उत्तरं का असावीत? गेले दोन-तीन शनिवार मी याच्याच मागे लागलो होतो. जुनी स्पेसिफिकेशन्स, ब्राउझरांच्या रिलीज नोट्स वगैरे चाळल्या. आणि शेवटी माझं असं मत झालं की गोची उत्तरात नव्हतीच, प्रश्नातच होती. ती कशी, हे सांगायला थोडा इतिहास सांगावा लागेल. इतिहास म्हटल्यावर घाबरू नका, यात सनावळ्या असल्या तरी परीक्षा नाही.

सुरुवात टचच्याही आधीपासून करायला हवी. ब्राउझर एखाद्या साइटचं पान मागतो तेव्हा तो आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला युजर एजंट म्हणतात. आपण फोनवर "हॅलो, मी अमुक बोलतोय" म्हणतो ना, तसंच. हेतू चांगला होता, पण नव्वदच्या दशकातच त्यात खोटेपणा शिरला. नेटस्केपचा ब्राउझर आपलं नाव 'मोझिला' सांगायचा. त्याला फ्रेम्स दाखवता यायच्या, म्हणून साइटवाले नाव तपासून फक्त मोझिलालाच फ्रेम्सवालं पान द्यायला लागले. मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. फ्रेम्स त्यालाही जमत होत्या, पण नाव वेगळं, म्हणून त्याला साधं पान मिळायचं. मग त्याने काय केलं? "मी पण मोझिलाच, म्हणजे मोझिलाशी जुळणारा" असं सांगायला सुरुवात केली. पुढे २००३ मध्ये ॲपलचा सफारी आला, त्यानेही मोझिलाचं नाव लावलं आणि वर "गेकोसारखा" असं जोडलं. २००८ मध्ये क्रोम आला, त्याने सफारीचं नावही जोडलं. आज तुमच्या क्रोमची ओळख वाचलीत तर तो मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम आणि सफारी अशी सगळी नावं एका दमात घेतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत परत येणार आहे. साइटवाले चुकीचा प्रश्न विचारतात, त्यामुळे एखादा ब्राउझर उपाशी राहतो, आणि उपाशी राहू नये म्हणून तो खोटं बोलायला शिकतो. ब्राउझर काही मुळात लबाड नसतात हो, आपणच त्यांना तसं बनवतो.

आता मोबाइलकडे वळू. १९९८ मध्ये वॅप आलं. त्या काळच्या फोनची स्क्रीन म्हणजे दोन बोटं रुंद आणि चार-सहा ओळी उंच. कोणता फोन काय दाखवू शकेल हे समजायला मार्गच नव्हता, म्हणून लोकांनी सरळ याद्या करायला घेतल्या. त्यातली सर्वात नावाजलेली यादी म्हणजे वुर्फल. लुका पासानी आणि त्यांच्या सोबतच्यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुरू केली. एक भलीमोठी एक्सएमएल फाइल. त्यात फोनच्या मॉडेलप्रमाणे नोंदी: स्क्रीन किती, रंग किती, चित्रं कुठल्या प्रकारची चालतात. त्यात एक रकाना असा होता की फोनवर बोट कसं ठेवतात, म्हणजे जॉयस्टिक, स्टायलस, टचस्क्रीन की चक्र. गावातल्या प्रत्येक घराची माहिती असलेल्या पोस्टमनसारखा हा प्रकार. नवीन घर बांधलं गेलं की पोस्टमनला कळेपर्यंत तिथली पत्रं अडायची.

तोपर्यंत टचस्क्रीन ही काही नवी वस्तू राहिली नव्हती. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच बोटाच्या स्पर्शावर चालणाऱ्या पडद्याबद्दल लिहून ठेवलं होतं. १९९४ मध्ये आयबीएमचा सायमन नावाचा टचस्क्रीन असलेला फोन अमेरिकेत विकायलाही आला होता. पण वेबला टचची गरज पडली नव्हती, कारण वेब वाढलं ते माऊसच्या मांडीवर. माऊसचा बाण दुव्यावर आला की रंग बदलायचा, मेन्यूवर आला की मेन्यू उघडायचा. दहा-बारा वर्षं सगळ्या जगाने असेच मेन्यू बनवले.

आणि मग २००७ उजाडलं. ९ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला, २९ जूनला तो अमेरिकेत विक्रीला आला. (मी तेव्हा शाळेत होतो आणि घरात एकच फोन होता, तोही बाबांच्या खिशात. त्यामुळे "तो काळ मी पाहिलाय" वगैरे मी म्हणणार नाही.) आयफोनमध्ये वॅपबिप नव्हतं, खरंखुरं वेब होतं. पण जगातल्या साइट्स तर माऊससाठी लिहिलेल्या! बोटाला बाण नसतो. बोट काचेवर "नुसतं फिरत" नाही, ते एकतर टेकलेलं असतं किंवा नसतं.

ॲपलने इथे एक शहाणी लबाडी केली. तुम्ही बोटाने टिचकी मारली की फोनचा सफारी साइटला सांगायचा – बाण आला, बाण हलला, बटण दाबलं, बटण सोडलं, क्लिक झालं. सगळं नाटक! साइटला वाटायचं की समोर माऊस आहे. बाण आल्यामुळे मेन्यू उघडला, म्हणजे पानावर काही नवीन दिसलं, की सफारी पुढची क्लिक करायचाच नाही. म्हणजे पहिल्या टिचकीला मेन्यू उघडायचा, दुसऱ्या टिचकीला दुवा. जुनी साइट न बदलता नव्या फोनवर चालायची. शिवाय दोनदा टिचकी मारली की पान मोठं व्हायचं, त्यामुळे पहिल्या टिचकीनंतर दुसरी येते का हे बघायला ब्राउझर साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचा. हे ३०० मिलिसेकंद पुढे कित्येक वर्षं आमच्या जमातीच्या डोक्याला ताप झाले, कारण प्रत्येक बटण जरा सुस्तावल्यासारखं वाटायचं.

पण पहिल्या आयफोनमध्ये साइटला खऱ्या बोटाची माहिती मिळतच नव्हती. ती मिळाली जुलै २००८ मध्ये, आयफोनच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरबरोबर. इथे 'इव्हेंट' हा शब्द सांगून टाकतो. पानावर काही घडलं की ब्राउझर कोडला निरोप पाठवतो, तो निरोप म्हणजे इव्हेंट. ॲपलने तीन मुख्य निरोप ठरवले: टचस्टार्ट म्हणजे बोट टेकलं, टचमूव्ह म्हणजे सरकलं, टचएंड म्हणजे उचललं. एकाच वेळी कितीही बोटं असोत, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. हे ॲपलने एकट्याने ठरवलं, कुठल्या समितीला न विचारता. आणि ते इतकं उपयोगी होतं की बाकीच्यांनी मुकाट्याने उचललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला, त्याच्या मागोमाग अँड्रॉइडच्या ब्राउझरनेही हेच निरोप घेतले.

आणि इथेच आपला तीन ओळींचा प्रश्न जन्माला आला. ज्या ब्राउझरला टचस्टार्ट माहीत आहे त्याच्या खिडकीत 'ऑनटचस्टार्ट' नावाची जागा असते. मग एका ओळीत विचारता येतं: ही जागा आहे का? असेल तर टचफोन, नसेल तर माऊस. झालं! नाव विचारायला नको, यादी नको, पोस्टमन नको. ब्राउझरला "तू कोण?" विचारण्यापेक्षा "तुला काय येतं?" विचारणं हे केव्हाही चांगलंच. २००९ मध्ये फारुक आतेश यांनी मॉडर्नायझर नावाची लायब्ररी काढली, ती याच तत्त्वावर. त्यात टचची चाचणीही आली आणि हजारो साइट्सवर पोचली.

पण नीट बघा, इथे एक छोटीशी उडी मारली गेलीये. "ब्राउझरला टचचे निरोप समजतात का?" या प्रश्नाचं उत्तर आपण घेतलं, आणि ते लिहून ठेवलं "यंत्राला टचस्क्रीन आहे का?" या रकान्यात. आणि त्याहून पुढे जाऊन असंही धरलं की टचस्क्रीन आहे म्हणजे माणूस बोटच वापरतोय. तीन वेगळे प्रश्न, उत्तर एकाचंच. २००८ मध्ये तिन्हींची उत्तरं बहुतेक वेळा सारखी यायची, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

उत्तरं वेगळी यायला फार वेळ लागला नाही. नोकियाचा एन ९५ घ्या. उत्तम वेबकिट ब्राउझर, पण टच नाही. विंडोज फोन ७ घ्या. अख्खा फोन टचवर चालतो, पण त्यातला ब्राउझर साइटला टचचे निरोप देतच नाही. म्हणजे हातात टचफोन आणि साइट म्हणते टच नाही! उलट एका टप्प्यावर डेस्कटॉपचं क्रोम टचस्क्रीन नसतानाही "हो, ऑनटचस्टार्ट आहे" म्हणायचं, नंतर ते दुरुस्त झालं. अँड्रॉइड २ च्या मूळ ब्राउझरला टच समजायचा, पण एका वेळी एकच बोट. आणि आपल्याकडे ज्याच्यावर निम्मी कॉलेजं जगली तो ऑपेरा मिनी! तो २००६ मध्ये जगभर उपलब्ध झाला. त्यात पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर तयार व्हायचं आणि दाबून बारीक केलेलं रूप फोनवर यायचं. साइटचा कोड चालायचा तो सर्व्हरवर. आता नॉर्वेच्या कंपनीच्या सर्व्हरला "तुला टच आहे का?" विचारलं तर तो बिचारा काय सांगणार?

ॲमस्टरडॅमचे पीटर-पॉल कोख हे गृहस्थ त्या काळात ढीगभर फोन जमवून एकेका ब्राउझरची चाचणी घेत होते. सगळे म्हणायचे "मोबाइलवर काय, सगळीकडे वेबकिटच आहे". कोख यांनी २००९ मध्ये १९ वेगवेगळी वेबकिट तपासून दाखवलं की "मोबाइलवरचं वेबकिट" अशी एकच एक वस्तू अस्तित्वातच नाही. २०१० मध्ये त्यांनी टचच्या निरोपांचेही असेच तक्ते मांडले. आमच्या व्यवसायात अशी माणसं फार महत्त्वाची असतात. त्यांनी नवीन काही बनवलं नाही, पण आहे ते नेमकं काय आहे हे सांगितलं.

दरम्यान ॲपलच्या या टचचं रीतसर प्रमाण बनवावं म्हणून डब्ल्यू३सी या वेबच्या प्रमाणसंस्थेत काम सुरू झालं. काम चांगलं चाललेलं असताना २०११ च्या अखेरीला ॲपलने आपली काही पेटंट्स या प्रमाणाच्या आड येऊ शकतात असं जाहीर केलं. झालं, मग त्यावर वेगळा सल्लागार गट, चर्चा, विलंब. प्रमाण शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये पक्कं झालं, म्हणजे जगाने ते वापरायला लागून पाच वर्षं झाल्यावर. आधी वरात, मग लग्न.

मायक्रोसॉफ्टने मात्र वेगळा विचार केला. त्यांच्यापुढे अडचणही वेगळी होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्याबरोबर टचस्क्रीनवाले लॅपटॉप आले. एकाच यंत्रावर काच, ट्रॅकपॅड, माऊस आणि पेन. माणूस आत्ता बोट लावतो आणि दोन सेकंदांनी माऊस धरतो. इथे "टच आहे का?" हा प्रश्न पार निकामी होतो. त्यांनी म्हटलं, बोट-माऊस-पेन असे वेगळे निरोप कशाला? एकच निरोप द्या – "काहीतरी टेकलं" – आणि त्यातच एक रकाना ठेवा की टेकलं ते काय होतं: माऊस, बोट की पेन. यालाच पॉइंटर इव्हेंट्स म्हणतात. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी हा प्रस्ताव डब्ल्यू३सीकडे दिला.

मला या सगळ्या इतिहासात ही कल्पना सर्वात आवडली. कारण इथे यंत्राला आधी काही विचारायचंच नाही. माणसाने काय केलं ते घडल्यावर ऐकायचं, बस.

पण चांगली कल्पना लगेच चालते असं थोडंच आहे? साइटवाले जुन्याच तीन ओळी वापरत राहिले. आणि त्यांचा अर्थ काय लावत होते? टच असेल तर टचचा कोड, नाहीतर माऊसचा. त्या एका 'नाहीतर'ने टचस्क्रीन लॅपटॉपवाल्यांचे हाल केले. ब्राउझर प्रामाणिकपणे म्हणाला "हो, टच आहे", की साइट माऊसकडे बघेनाशी व्हायची. हातात माऊस घेऊन माणूस क्लिक करतोय आणि पान ढिम्म. फायरफॉक्सने डेस्कटॉपवर टचचे निरोप सुरू केले होते, पण गूगल आणि ट्विटरसारख्या मोठ्या साइट्सही नीट चालेनात म्हणून २०१३ मध्ये २४ व्या आवृत्तीत ते बंद करून टाकले. विंडोजवर ते परत आले २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत. त्याच २०१३ मध्ये मॉडर्नायझरच्याच चमूतल्या स्टू कॉक्स यांनी स्पष्ट लिहून टाकलं की टचस्क्रीन आहे का हे वेबवर ओळखताच येत नाही. पुढच्या मोठ्या आवृत्तीत मॉडर्नायझरने त्या चाचणीचं नाव 'टच' वरून 'टच इव्हेंट्स' असं केलं. बदल एका शब्दाचा, पण प्रामाणिक. आम्ही फक्त निरोपांबद्दल सांगतो बुवा, काचेबद्दल नाही.

आणि नाव विचारण्याचा तो जुना रोग? तोही गेला नव्हता. २०१४ मध्ये विंडोज फोन ८.१ च्या अपडेटमध्ये त्यातल्या ब्राउझरने आपली ओळख अशी काही बदलली की वाचून हसावं का रडावं कळत नाही. मोझिला, विंडोज फोन, अँड्रॉइड, टच, "आयफोनसारखा", सफारी, सगळं एकाच ओळीत! कारण साइट्स आयफोन आणि अँड्रॉइडलाच चांगलं मोबाइल पान देत होत्या. टचचे निरोपही त्याने तेव्हाच थोडेफार स्वीकारले. आपली कल्पना चांगली असूनही दुसऱ्याचे कपडे घालून लग्नाला जावं लागलं, असं झालं ते.

क्रोमचाही या काळात बराच गोंधळ झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने सांगितलं की पॉइंटर इव्हेंट्स आम्ही घेणार नाही. डेव्हलपर मंडळींनी, त्यात जेक्वेरीवालेही होते, बरीच ओरड केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये डब्ल्यू३सीने पॉइंटर इव्हेंट्स प्रमाण म्हणून जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने निर्णय फिरवला. क्रोममध्ये ते डिसेंबर २०१६ ला आले, फायरफॉक्समध्ये मार्च २०१८ ला आणि सफारीत सप्टेंबर २०१९ ला. प्रस्तावापासून शेवटच्या मोठ्या ब्राउझरपर्यंत बरोब्बर सात वर्षं. तोवर क्रोमने अजून एक गोष्ट केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ७० व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर ती 'ऑनटचस्टार्ट'ची जागाच डीफॉल्टने काढून टाकली. टचचे निरोप येतात, पण "आहे का?" असं विचारलं तर उत्तर नाही! साइट्स या उत्तराचा गैरअर्थ काढतात, म्हणून उत्तर देणंच बंद. परत तेच बघा – चुकीचा प्रश्न, मग लपवाछपवी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? एखादा मेन्यू नाही उघडला, तर नाही उघडला. इथे मला जरा आपल्याकडचं सांगायचंय.

२०१७ मध्ये जिओफोन आला. १५०० रुपये अनामत, फोर-जी, २.४ इंची स्क्रीन, खाली बटणं, टच नाही. आत कायओएस, जी मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरून बनलेली. म्हणजे ब्राउझर खरा, वेब खरं, स्क्रीन मोबाइलची, आणि बोट लावायला काच नाही. ज्यांनी टच ओळखायला "स्क्रीन लहान म्हणजे टच" असा ठोकताळा धरला होता, त्यांच्या हिशोबात हा माणूस बसतच नव्हता.

माझ्या मावशीकडे हा फोन होता. एका सेवेच्या साइटवर तिला काही माहिती भरायची होती. पहिल्या पानावर तीन चित्रं, ती बोटाने सरकवत जायची, आणि तिसऱ्यावर "सुरू करा" असं बटण. सरकवल्याशिवाय पुढे जायचा दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. तिने मला फोन केला, "अरे, हे पुढे कसं न्यायचं रे? बाण फिरतोय नुसता." मी इकडून काय सांगणार? शेवटी तिने शेजारच्या मुलाच्या फोनवरून भरलं. तिचा आधार नंबर, बँकेचा नंबर, सगळं शेजारच्या मुलाच्या फोनवर. ती म्हणाली, "माझाच फोन साधा आहे, त्याला काय करणार." दोष तिने फोनला दिला. मला तेव्हापासून हे खटकतं. तिच्या फोनला इंटरनेट होतं, ब्राउझर होता, बटणं होती. ती साइट बनवणाऱ्या कोणीतरी फक्त एक प्रश्न विचारून तिला बाद केलं होतं. किंबहुना विचारलाही नसेल, गृहीतच धरलं असेल.

म्हणून म्हणतो, ही नुसती तांत्रिक भानगड नाही. "टच आहे का?" या प्रश्नाच्या उत्तरावरून आपण ठरवतो की आत कोणाला घ्यायचं. आणि जे बाहेर राहतात ते तक्रार करत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपलाच फोन साधा.

गोष्टीचा सर्वात मजेदार भाग मी शेवटी राखून ठेवलाय. सप्टेंबर २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आलं. आयपॅडवर साइट्स मोबाइलचं तोकडं पान देतात याला ॲपल कंटाळली होती. मग त्यांनी बहुतेक आयपॅडवरच्या सफारीला सांगितलं, स्वतःची ओळख मॅक म्हणून सांग. म्हणजे ज्या कंपनीने वेबवर टच आणला, तिचाच टचवाला यंत्रराज "मी मॅक आहे" म्हणू लागला! मग ज्यांना आयपॅड ओळखायचाच होता त्यांनी काय केलं असेल? ब्राउझरला विचारलं, तू एका वेळी किती बोटं ओळखतोस? मॅकला तेव्हा टचस्क्रीन नव्हती, म्हणून मॅक म्हणायचा शून्य, आणि आयपॅड म्हणायचा पाच. पकडला! पूर्वी यंत्राच्या नावावरून टच ओळखायचे, आता टचवरून यंत्राचं नाव ओळखायला लागले. आणि पुढच्या मार्चमध्ये, २०२० ला, आयपॅडला ट्रॅकपॅड आणि माऊसही नीट चालू लागले. म्हणजे हा पकडलेला आयपॅड कदाचित माऊसनेच चालत असेल. :)

मग आज करायचं काय? तीन प्रश्न वेगळे ठेवले की प्रत्येकाला बऱ्यापैकी उत्तर आहे. माणसाने आत्ता काय वापरलं हे हवं असेल तर पॉइंटर इव्हेंट्स ऐका, निरोपातच लिहिलेलं असतं. पानाची मांडणी ठरवायची असेल तर सीएसएसला विचारता येतं की मुख्य साधन जाडं आहे की बारीक, म्हणजे बोट की माऊस, आणि बाण नुसता वर नेता येतो का. हे २०१५ पासून क्रोममध्ये आहे, २०१८ च्या अखेरीपासून फायरफॉक्समध्येही आहे. जोडलेल्या साधनांपैकी *एखादं तरी* जाडं आहे का, असंही वेगळं विचारता येतं. ते ३०० मिलिसेकंदही गेले. पान फोनच्या रुंदीत बसवलेलं असेल तर क्रोमने २०१४ पासून आणि आयफोनच्या सफारीने २०१६ पासून थांबणं सोडलं. आणि यंत्राला खरंच टचस्क्रीन आहे का, हा मधला प्रश्न? तो सोडून द्या. त्याच्या उत्तरावर काही अवलंबून ठेवायलाच नको.

कारण बहुतेक वेळा विचारायची गरजच नसते. बटण सगळ्यांसाठीच पुरेसं मोठं करा. ॲपल कधीपासून ४४ पॉइंट सांगत आलीये, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या नियमांनी किमान २४ पिक्सेलची अट घातली आहे. मोठं बटण माऊसवाल्याला काही टोचत नाही. मेन्यू नुसता बाण नेल्यावर उघडत असेल तर क्लिकनेही उघडू द्या. चित्रं बोटाने सरकत असतील तर बाजूला 'पुढे' असं एक साधं बटण ठेवा, जे कीबोर्डनेही दाबता येईल. बोट, माऊस, पेन, बाणाची बटणं, सगळे त्याच दारातून आत येतील. दारावर उभं राहून "तू कोण, तुला काय येतं" असं विचारायला माणूस ठेवायचीच गरज नाही.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये मागच्या महिन्यात असंच एक जुनं फंक्शन निघालं. एका सीनियरने विचारलं, "काढून टाकलं तर मोडेल का रे काही?" मी म्हटलं, "कोण कोण वापरतंय ते बघू आधी." शोधलं तर ११ ठिकाणी वापरलेलं. त्यातल्या नऊ ठिकाणी प्रश्नच नको होता, फक्त बटण मोठं करायचं होतं. दोन ठिकाणी पॉइंटर इव्हेंट्स घातले. तीन दिवसांचं काम. वरची ती "हात लावू नका" कॉमेंटही गेली.

असो. फार लांबलं. तुमच्या कोडमध्येही ते फंक्शन असेल तर एकदा शोधून बघा, किती ठिकाणी 'नाहीतर' लिहिलंय. आणि जमलं तर तुमची साइट एकदा माऊस बाजूला ठेवून, नुसत्या टॅब आणि एंटरवर चालवून बघा. पंधरा मिनिटांत कळेल, माझ्या मावशीला ती उघडता येईल की नाही.

पुढच्या शनिवारी भेटूच.